खारकच्छातील पाण्याचे चलनवलन

समुद्रकिनाऱ्याला लागून असलेला, वाळूच्या दांड्यामुळे किंवा प्रवाळभित्तीमुळे समुद्रापासून जवळजवळ तुटलेला आणि एक-दोन अरुंद मुखांनी त्याच्याशी जोडलेला उथळ जलाशय म्हणजे खारकच्छ होय. खारकच्छातील पाणी वरवर स्थिर दिसले तरी ते सतत हलत असते. भरती-ओहोटी, नद्यांचे गोडे पाणी, वारा, बाष्पीभवन आणि गोड्या व खाऱ्या पाण्याच्या घनतेतील फरक ही या हालचालीची प्रमुख कारणे होत. या हालचालीवर पाण्याची लवणता, त्यातील प्राणवायू, गाळाचे वाटप, माशांची ये-जा आणि पर्यायाने काठावरील लोकांची उपजीविका अवलंबून असते.

भारतातील मोठी खारकच्छे पूर्व किनाऱ्यावर व केरळात आहेत. ओडिशातील चिलिका, आंध्र प्रदेश व तमिळनाडू यांच्या सीमेवरील पुलिकत आणि केरळातील वेंबनाड ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर खारकच्छांऐवजी प्रामुख्याने खाड्या आढळतात. तथापि त्यांतील पाण्याला हेच नियम लागू पडतात. समुद्रापासून दूर असलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यांचाही या विषयाशी नदीच्या द्वारे संबंध येतो. तो शेवटच्या विभागात पाहिला आहे.

भरती-ओहोटीचा परिणाम

चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राची पातळी नियमितपणे चढते व उतरते. भारताच्या किनाऱ्यावर साधारणतः दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात; त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. उधाणात पातळीतील चढउतार सर्वाधिक, तर भांगात सर्वांत कमी असतो.

हा चढउतार सर्वत्र सारखा नसतो. खंबायतच्या आखातात उधाणाच्या वेळी तो १० मीटरच्या आसपास जातो, मुंबईला तो सुमारे ४ मीटर असतो, गोव्यास सुमारे २ मीटर आणि कोचीस सुमारे १ मीटर किंवा त्याहूनही कमी असतो.

बाहेरच्या समुद्रातील हा चढउतार खारकच्छात जसाच्या तसा पोहोचत नाही. अरुंद तोंडाची घागर पाण्यात बुडविली असता ती भरण्यास वेळ लागतो. तसेच खारकच्छाचे असते. समुद्राची पातळी सुमारे सहा तास चढत असते. तेवढ्या वेळात अरुंद मुखातून पुरेसे पाणी आत येऊ शकत नाही. आतील पातळी बाहेरच्या पातळीला गाठण्यापूर्वीच समुद्रात ओहोटी सुरू होते. परिणामी आत भरती उशिरा येते आणि तिची उंचीही कमी असते. मुखाजवळ एक मीटर असलेला चढउतार आतल्या टोकाला काही सेंटीमीटरच उरतो, असेही घडते.

अंतर व खोली यांचाही यात वाटा असतो. उथळ पाण्यात भरतीची लाट खोलीच्या प्रमाणात मंदावते. घर्षण वगळले तर २ मीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. म्हणजे ६४ किलोमीटर लांबीचा जलाशय ओलांडण्यास तिला चार तास लागतील. प्रत्यक्षात तळाच्या घर्षणामुळे ती आणखी मंदावते व विरत जाते.

अरुंद मुखाच्या खारकच्छात रोजच्या भरतीपेक्षा पंधरवड्याचा चढउतार अनेकदा अधिक जाणवतो. उधाणाच्या भरतीच्या वेळी मुखावर पाणी खोल असते, त्यामुळे ते सहज आत येते. ओहोटीच्या वेळी मुख उथळ झालेले असते, त्यामुळे ते बाहेर पडताना अडते. असे काही दिवस पाणी साचत जाऊन खारकच्छाची सरासरी पातळी वाढते आणि भांगाच्या दिवसांत ती पुन्हा खाली येते.

जलविनिमय

भरतीबरोबर आत आलेले पाणी ओहोटीबरोबर बाहेर जाते. मग आतील पाणी बदलते कसे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर मुखाजवळच्या प्रवाहाच्या स्वरूपात आहे. ओहोटीचे पाणी मुखातून धारेसारखे सरळ दूर समुद्रात जाते. भरतीच्या वेळी मात्र मुखाकडे सर्व बाजूंनी पाणी ओढले जाते. त्यामुळे नुकतेच बाहेर गेलेले सर्वच पाणी परत येत नाही. त्यातील काही भाग समुद्रात मिसळून जातो आणि त्याच्या जागी नवे पाणी येते.

या विनिमयाचे प्रमाण एका साध्या गणिताने समजते. समजा, एका खारकच्छाचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटर, सरासरी खोली २ मीटर आणि आतील चढउतार १० सेंटीमीटर आहे. त्यातील एकूण पाणी २० कोटी घनमीटर होईल आणि एका भरतीत आत येणारे पाणी १ कोटी घनमीटर, म्हणजे एकूण पाण्याच्या विसावा भाग होईल. प्रत्येक भरतीचे पाणी पूर्णपणे नवे असते व आतील पाण्याची फक्त जागा घेते असे मानले, तर सर्व पाणी बदलण्यास २० भरत्या म्हणजे सुमारे १० दिवस लागतील. प्रत्यक्षात बरेच पाणी परत येत असल्याने व मुखापासून दूरचे पाणी जागीच घोटाळत असल्याने हा काळ कित्येक पटींनी वाढतो. मुखाजवळचे पाणी काही दिवसांत बदलते, तर दूरच्या कोपऱ्यातील पाणी महिनोन्‌महिने तेथेच राहते.

जलविनिमयाच्या प्रमाणानुसार खारकच्छांचे तीन प्रकार मानले जातात. एकाच लांब व अरुंद मुखाचे ते कोंडलेले खारकच्छ. ब्राझीलमधील लागोआ दोस पातोस हे त्याचे मोठे उदाहरण. दोन किंवा अधिक मुखे असून भरतीचा प्रभाव स्पष्ट दिसतो ते मर्यादित खारकच्छ. अनेक रुंद मुखांनी समुद्राशी जोडलेले ते मोकळे खारकच्छ. त्यातील पाणी जवळजवळ समुद्रासारखेच असते.

वारा

भरतीचा जोर ज्या खारकच्छात क्षीण असतो तेथे वारा हे पाणी हलविणारे मुख्य साधन ठरते. वारा पृष्ठभागावरील पाणी आपल्या दिशेने ढकलतो. ते समोरच्या काठाशी साचून तेथील पातळी वाढते, तर वाऱ्याच्या मागील काठाशी ती उतरते. जलाशय जितका लांब व उथळ, तितका हा उतार अधिक. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा ३० किलोमीटर लांब व २ मीटर खोल जलाशयावरून सतत वाहत राहिल्यास दोन टोकांच्या पातळीत सुमारे पाव मीटरचा फरक पडू शकतो. आत पोहोचणाऱ्या भरतीपेक्षा हा फरक कित्येकदा मोठा असतो.

साचलेले पाणी तळालगतच्या किंवा खोल भागातील उलट प्रवाहाने परत येते. अशा प्रकारे पाणी वरखाली ढवळले जाते, तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो आणि त्याबरोबर गाळही वर येतो. वारा थांबला की दोन्ही टोकांमधील पाणी परातीतल्या पाण्याप्रमाणे काही काळ हेलकावते. चक्रीवादळाच्या वेळी वाऱ्याचा रेटा व हवेचा कमी दाब एकत्र येऊन समुद्राचे पाणी मुखातून व कधीकधी वाळूच्या दांड्यावरूनही आत शिरते.

नद्या, बाष्पीभवन व घनता

पावसाळ्यात नद्यांचे पाणी आल्याने खारकच्छाची पातळी समुद्रापेक्षा उंच होते आणि मुखातून बाहेर जाणारा प्रवाह प्रबळ होतो. उन्हाळ्यात नद्या आटतात, बाष्पीभवन वाढते व समुद्राचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे एकाच खारकच्छाचे पाणी भाद्रपदात जवळजवळ गोडे, हिवाळ्यात मचूळ आणि वैशाखात खारे असू शकते. पावसाचे प्रमाण कमी व मुख बंद असल्यास पाणी समुद्राहूनही खारट होते. पुलिकतच्या काही भागांत उन्हाळ्यात असे घडते. ऑस्ट्रेलियातील कूराँग खारकच्छाच्या दक्षिण भागात लवणता समुद्राच्या दुपटीहून अधिक झालेली आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. हा फरक अल्प वाटला तरी त्याचा परिणाम मोठा होतो. गोडे पाणी वरून समुद्राकडे वाहते, तर खारे पाणी तळालगत पाचरीसारखे आत सरकते. वारा व भरती क्षीण असतील तेव्हा हे दोन थर वेगळे राहतात. खालच्या थरात वरचा प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथील जीव गुदमरतात. भरती व वारा यांनी पाणी ढवळले गेले की थर मोडतात.

मुखाचे महत्त्व

वरील सर्व क्रिया मुख उघडे असण्यावर अवलंबून असतात. आणि मुख कधीही स्थिर नसते. तिरप्या येणाऱ्या लाटा किनाऱ्यालगत वाळू सतत पुढे वाहून नेतात व ती मुखात टाकतात. भरती-ओहोटीचा प्रवाह आणि नदीचा पूर ती वाळू बाहेर फेकतात. या दोहोंच्या तोलावर मुखाची रुंदी व खोली ठरते. वाळूमय मुख खुले राहण्यासाठी त्यातील प्रवाहाचा कमाल वेग सर्वसाधारणपणे सेकंदास सुमारे १ मीटर असावा लागतो, असा अनुभव आहे.

हा तोल एकदा बिघडला की बिघाड वाढतच जातो. मुख थोडे अरुंद झाले की आत येणारे पाणी कमी होते. पाणी कमी झाल्याने प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावल्याने अधिक वाळू साचते आणि मुख आणखी अरुंद होते. नदीचे पाणी धरणांनी अडविल्यास पुराचा जोर घटतो व हीच क्रिया वेगाने घडते. शेवटी मुख बंद पडून खारकच्छाचे गोड्या पाण्याच्या दलदलीत किंवा अतिखारट डबक्यात रूपांतर होते.

समुद्राशी कोणताही संबंध नसलेल्या बंदिस्त जलाशयाची स्थिती बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात पाहावयास मिळते. ते खारकच्छ नव्हे. उल्काघातामुळे बेसाल्ट खडकात तयार झालेले विवर आहे. परंतु पाणी बाहेर जाण्यास वाट नसल्याने व ते केवळ बाष्पीभवनाने कमी होत असल्याने त्यात क्षार साठत गेले आहेत.

चिलिकाचे उदाहरण

ओडिशातील चिलिका हे सुमारे ६४ किलोमीटर लांबीचे भारतातील सर्वांत मोठे खारकच्छ आहे. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी इत्यादी शाखा त्यात गोडे पाणी व गाळ आणतात. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा प्रवाह मुख्यतः उत्तरेकडे असल्याने चिलिकाचे मुख हळूहळू उत्तरेकडे सरकत गेले. खारकच्छ व समुद्र यांना जोडणारा किनाऱ्याला समांतर असा प्रवाहमार्ग त्यामुळे लांबत गेला व गाळाने भरू लागला. समुद्राचे पाणी आत येईनासे झाले, पाणी गोडे होत गेले, पाणवनस्पती माजल्या आणि मासे व कोळंबीचे उत्पादन घसरले. हजारो मच्छीमार कुटुंबांच्या पोटावर हा घाला होता. १९८१ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत आलेल्या चिलिकाची १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँत्र नोंदवहीत नोंद झाली.

उपाय शोधताना पाण्याच्या हालचालीचा अभ्यास करण्यात आला. त्यात पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र व गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांचा सहभाग होता. वाळूच्या दांड्यातून नवे मुख काढल्यास पाण्याचा मार्ग सुमारे १८ किलोमीटरने कमी होईल व भरतीचा जोर पुन्हा आत पोहोचेल, असा निष्कर्ष निघाला. त्यानुसार २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाडा गावाजवळ नवे मुख उघडण्यात आले. लवणतेचे ऋतुचक्र पूर्ववत होऊ लागले, पाणवनस्पती घटल्या आणि १९९९–२००० मध्ये सुमारे १,७५० टन असलेले मासे, कोळंबी व खेकड्यांचे उत्पादन २००१–०२ मध्ये सुमारे १२,००० टनांवर गेले. २००२ मध्ये चिलिकाचे नाव धोक्याच्या नोंदवहीतून वगळण्यात आले. अर्थात वाळूचा प्रवाह थांबलेला नसल्याने नवी मुखेही सरकत असतात व त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

मानवी हस्तक्षेप व त्यातील पेच

पाण्याची हालचाल नियंत्रित केल्याने एका गटाला लाभ व दुसऱ्याला हानी होऊ शकते. केरळातील वेंबनाड खारकच्छावर तण्णीरमुक्कम येथे १९७० च्या दशकात बंधारा कार्यान्वित झाला. उन्हाळ्यात खारे पाणी अडवून समुद्रसपाटीखालील कुट्टनाड भागातील भातशेती वाचविणे हा त्याचा हेतू होता. तो बऱ्याच अंशी साध्य झाला. परंतु दारे बंद असताना वरच्या बाजूचे पाणी साचून प्रदूषण व पाणवनस्पती वाढल्या आणि खाऱ्या पाण्याबरोबर येणाऱ्या मासे-कोळंबीची वाट अडली. दारे केव्हा उघडावीत, हा शेतकरी व मच्छीमार यांच्यातील वादाचा विषय ठरला.

इटलीतील व्हेनिस शहर ज्या खारकच्छात वसले आहे त्याला तीन मुखे आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी तेथे पाण्याची पातळी १९४ सेंटीमीटर इतकी चढून शहर बुडाले. त्यानंतरच्या दीर्घ विचारविनिमयातून या मुखांवर उघडमीट करता येणारी दारे बसविण्यात आली. ती ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथमच प्रत्यक्ष भरती रोखण्यासाठी वापरली गेली. दारे वारंवार बंद ठेवावी लागल्यास जलविनिमय घटेल, ही चिंता तेथेही आहे.

कोकण व गोवा

कोकणातील खाड्या म्हणजे समुद्राच्या पाण्याखाली गेलेली नद्यांची मुखे होत. उत्तर कोकणात भरती मोठी असल्याने तेथील खाड्यांमध्ये पाणी जोमाने आतबाहेर होते. ठाणे खाडीतील विस्तीर्ण चिखलाचे पट्टे ओहोटीत उघडे पडतात व तेथे रोहित पक्षी उतरतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी किनाऱ्याला समांतर वाहते. नदी व समुद्र यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या दांड्यावर गाव वसलेले आहे. दांड्यामागील शांत पाणी, सरकते मुख आणि किनाऱ्याची धूप या खारकच्छाच्या तिन्ही खुणा तेथे दिसतात.

भरतीच्या पाण्याचा उपयोग करून घेण्याची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे. गोव्यातील खाजण शेतीत खाडीकाठी मातीचे बांध घालून त्यांत ‘मानस’ नावाची लाकडी दारे बसवितात. भरतीच्या रेट्याने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीत आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही, पावसाचे पाणी मात्र निघून जाते. रायगड जिल्ह्यातील खारबंदिस्तीत अशा दारांना ‘उघाडी’ म्हणतात. बांध फुटून एकदा खारे पाणी शिरले की भातशेती काही वर्षे नापीक होते. अशा जमिनींच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७९ मध्ये खारजमीन विकास अधिनियम करण्यात आला.

गोदावरी खोरे व परभणी जिल्हा

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि त्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे तालुके तिच्या काठी आहेत. पूर्णा व दुधना या नद्यांचे पाणीही अखेर गोदावरीलाच मिळते. गंगाखेडच्या घाटावरून वाहणारे पाणी तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. दवलेश्वरमच्या खाली गोदावरीच्या गौतमी व वसिष्ठा या प्रमुख शाखा होतात. गौतमीने आणलेली वाळू लाटांनी उत्तरेकडे सरकविल्याने काकीनाडाजवळ होप बेट नावाचा सुमारे १६ किलोमीटर लांबीचा दांडा तयार झाला आहे. त्याच्या आडोशाने काकीनाडाचा उपसागर अर्धवट बंदिस्त झाला असून त्याची स्थिती खारकच्छासारखी आहे. त्याच्या दक्षिणेस कोरिंगाचे विस्तीर्ण खारफुटीचे जंगल आहे. तेथे कोरिंगा व गाडेरू या शाखांमधून गोडे पाणी येते व भरतीबरोबर समुद्राचे पाणी शिरते.

गोदावरीमुखाजवळील समुद्रतळाच्या गाळात दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे अंश स्पष्टपणे ओळखता येतात. मराठवाड्याची काळी माती याच खडकापासून बनलेली आहे. म्हणजे या प्रदेशातून धुपून गेलेल्या मातीचा काही भाग त्या दूरच्या किनाऱ्याच्या जडणघडणीत सामील आहे.

गोदावरी खोऱ्यात पैठणचे जायकवाडी, जिंतूर तालुक्यातील येलदरी, सेलू तालुक्यातील निम्न दुधना ही धरणे, तसेच ढालेगाव, मुद्गल, डिग्रस इत्यादी ठिकाणचे उच्च पातळी बंधारे आहेत. अवर्षणप्रवण मराठवाड्यात शेती व पिण्याच्या पाण्यासाठी त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु अशा साठ्यांत पाण्याबरोबर गाळही अडतो. संपूर्ण खोऱ्यातील धरणांमुळे गोदावरीच्या मुखापर्यंत पोहोचणारा गाळ घटला असून त्रिभुज प्रदेशाच्या काही भागांत किनारा मागे हटत असल्याचे आढळले आहे.

समुद्राला मिळणारे नदीचे पाणी वाया जाते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. दुष्काळी भागात ही भावना स्वाभाविक आहे. खारकच्छे व खाड्यांच्या दृष्टीने मात्र त्या पाण्याला निश्चित काम असते: मुखातील वाळू बाहेर लोटणे, लवणतेचा तोल राखणे, किनाऱ्याला गाळ पुरविणे आणि माशांच्या पिलांना मचूळ पाणी देणे. नदीखोऱ्याच्या नियोजनात वरच्या भागातील शेतकऱ्याची गरज व मुखाजवळील मच्छीमाराची गरज या दोन्ही मोजाव्या लागतात, कारण दोघांचाही आधार एकाच नदीचे पाणी आहे.